आठ-दहाचा फोन

आमच्या गल्लीतले काही लोक अजूनही छातीठोकपणे सांगतात, की आमच्या वरच्या खोलीत वर्षभर राहून गेलेल्या ताईनं तिच्या गावी एका माणसाच्या अंगावर गाडी घातली होती. न्यायाधीशांनी म्हणे विचारलं, तुरुंग हवा की एक वर्ष समाजसेवा, आणि ती म्हणाली, समाजसेवा. लाँड्रीवाल्या काकूंना तर गाडीचा रंगसुद्धा माहीत आहे. पांढरा.

तर, ताईला सायकलही येत नव्हती. न्यायालय तिनं बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. एक संस्था आहे, ती तरुण मुलामुलींना वर्षभरासाठी परक्या शहरात पाठवते, राहण्या-जेवणाचं बघते आणि लोकांच्या उपयोगाचं काम करायला लावते. ताईनं स्वतः अर्ज करून ते वर्ष मागून घेतलं होतं. मग ते न्यायाधीश कुठून आले म्हणाल, तर माझ्या घशातून. काकूंनी मला विचारलं होतं, "काय गं रेडिओ, ती पोरगी वर्षभर फुकट राबणार? असं काय केलंय तिनं?" गल्लीत मला रेडिओ म्हणतात, कारण मला कुणाचाही आवाज काढता येतो. मी लगेच हनुवटी गळ्यात रुतवली आणि जाड आवाजात म्हटलं, "आरोपीला एक वर्ष समाजसेवेची शिक्षा ठोठावण्यात येत आहे!" काकू हसल्या. मला वाटलं, विनोद कळला म्हणून हसल्या. हातातली इस्त्री तशीच उभी करून त्या शेजारणीकडे पळाल्या, तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ताई आली ती एक बॅग, एक बादली आणि बादलीत कोंबलेली उशी घेऊन. आई मशीनवर बसली होती. आई पडदे शिवते, आणि सकाळी नऊच्या आत तिचा एक पडदा हातावेगळा होतोच.

"काकू, बादली बरोबर आणलीय, चालेल ना?"

"अगं, बादल्या काय इथे मिळत नाहीत?"

"मिळतात हो. पण ही सवयीची आहे."

सवयीची बादली! दिवसभर मी ते वाक्य गल्लीभर वाटत फिरले.

तिचं प्रत्येक बोलणं 'चालेल ना'वर येऊन थांबायचं. खिडकी उघडते, चालेल ना? दोरीवर टॉवेल टाकते, चालेल ना? एकदा तर शिंक यायच्या आधी तिनं आईकडे असं काही बघितलं, की आईच म्हणाली, "चालेल गं, शिंक." आणि भेटेल त्याला ती सांगायची, "मी बारा महिन्यांसाठी आलेय." दूधवाल्याला, बसच्या ड्रायव्हरला, दारात आलेल्या मांजरालासुद्धा. म्हणून मी तिचं नाव ठेवलं बारमाही. आईनं डोळे वटारले, पण नाव बसायचं ते बसलंच.

शहर मात्र तिला बसता बसेना. पहिल्याच आठवड्यात ती बरोबर नंबरच्या बसमध्ये उलट्या दिशेला बसली आणि थेट डेपोत जाऊन पोचली. ड्रायव्हरनं डबा खाल्ला, हात धुतले आणि तिला परत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी तिनं तळहातावर पेनानं लिहून घेतलं: 'औषधाचं दुकान दिसलं की उतरणे.' आमच्या रस्त्यावर चार औषधाची दुकानं आहेत. ती चारही ठिकाणी उतरली. रस्त्यात समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "बरे आहात ना?" लोक दचकायचे. एक गृहस्थ तर खिसा चाचपत दोन पावलं मागे सरकले.

तिचं काम होतं फोन करायचं. दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर संस्थेचं ऑफिस होतं: तीन टेबलं, तीन जुने फोन, एक कारकून आणि सगळ्यांवर एक मुख्य बाई. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी ठरलेल्या मिनिटाला फोन करायचा आणि उठलात ना, बरं आहे ना, एवढं विचारायचं. कुणी उचलला नाही तर आणखी दोनदा करायचा. तरी नाही उचलला, तर ऑफिसातून माणूस किल्ली घेऊन थेट घरी. ताईच्या यादीत बावीस जण होते. कुणी बाहेर जाणार असेल तर त्यानं आधी स्वतः ऑफिसला कळवायचं. पण त्या जुन्या फोनांवर कुणाचा नंबर आला ते दिसत नसे, म्हणून नियम असा, की कळवणाऱ्याला लगेच त्याच्या घरच्या नंबरवर आपण फोन करून खात्री करायची. त्याला ते 'उलट फोन' म्हणत.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण म्हणजे पहिल्या दिवशी तिला बस दाखवायला आईनं मलाच पाठवलं होतं. शाळेला सुट्टी होती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बावीस आवाज ऐकले; त्या जुन्या फोनांतला आवाज खोलीभर ऐकू यायचा. जेवायला बसल्यासारखं वाटत होतं मला. त्यात आठ वाजून दहा मिनिटांनी यायचे घड्याळवाले आजोबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बारीक, नाकातला आवाज, आणि प्रत्येक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखा.

"आठ दहा. बरोबर. घड्याळं चालू. मी चालू. ठेवतो."

जिना उतरेपर्यंत ते आजोबा माझे झाले होते.

त्या आठवड्याच्या शेवटी ताई संध्याकाळी पाय ओढत आली आणि जिन्यावरच बसली. पुन्हा बस चुकली होती. मी तिच्याच आवाजात म्हटलं, "मी परत जाते, चालेल ना?"

ती मनापासून हसली. तिला स्वतःची नक्कल आवडायची, हे मला तेव्हा विचित्र वाटायचं. मग चपलेचा बंद सोडता सोडता म्हणाली, "माझा दादा पण हेच म्हणतो. महिन्याभरात बॅग घेऊन दारात उभी राहशील म्हणतो. कॉलेज अर्धं सोडलं, टायपिंग अर्धं, शिवणाचा क्लास अर्धा. घरात मला 'अर्धी' म्हणतात, माहितीये?"

"मग लाव पैज," मी म्हटलं. "बारा महिने तू टिकत नाहीस. मी जिंकले तर बादली माझी."

"आणि मी जिंकले तर?"

"सांगशील ते."

तिनं दुसऱ्या चपलेचाही बंद सोडला. "शेवटच्या आठवड्यात सकाळचे फोन तू करायचे. तुझ्या स्वतःच्या आवाजात."

"बस? एवढंच?" मी टाळी दिली.

विसाव्या दिवशी सकाळी, आठला तेरा मिनिटं कमी असताना, मी आईचा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. ताई साडेसातलाच कामाला गेली होती. मी नाक दाबलं.

"नमस्कार. आठला तेरा कमी. आज मुलीकडे चाललोय. फोन नको. ठेवतो."

"बरं आजोबा," पलीकडून ताई म्हणाली. "जपून जा हं."

हसू बाहेर फुटू नये म्हणून मी तोंडात टॉवेलचा बोळा कोंबला. संध्याकाळी ती आली की तिला ऐकवायचं, तिनं मला उशीनं बडवायचं, असा माझा बेत होता. तिला घाबरवावं, पळवून लावावं, असं काहीही मनात नव्हतं. आवाज जमला होता, तो कुणाला तरी दाखवायचा होता.

रोज पाचला येणारी ताई त्या दिवशी सातला आली. थेट हॉस्पिटलमधून. आईनं मशीन थांबवलं.

घड्याळवाले आजोबा सकाळी सव्वासहाला न्हाणीघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. हलता येईना, ओरडायला दम पुरेना. खालच्या मजल्यावरच्या माणसाला दुपारी अडीचला दिसलं की दारातला पेपर तसाच आहे, तेव्हा कुठे दार उघडलं गेलं. सव्वाआठ तास ओल्या फरशीवर.

"त्यांना बाहेरच्या खोलीतली घड्याळं ऐकू येत होती, काकू," ताई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. तो आवाज मला आजही काढता येत नाही. "आठाचे ठोके मोजले म्हणाले. दहा मिनिटं मनात मोजली. म्हणाले, आता फोन वाजेल, मग कुणीतरी येईल. फोन वाजला नाही. तर त्यांना काय वाटलं सांगू? म्हणाले, मला वाटलं, माझीच घड्याळं पुढे गेली असतील."

मी तिला पाण्याचा ग्लास आणून दिला. एवढंच केलं मी.

पुढचे दिवस मी घरात भिंतीला चिकटून फिरत होते. ऑफिसात ताईनं सांगितलं, आजोबांचा फोन आला होता, मुलीकडे चाललोय म्हणाले, मी आवाज ओळखला आणि उलट फोन केला नाही, ही माझी चूक. बाईंनी हॉस्पिटलात जाऊन आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, मी फोन केलाच नाही. आणि मुलीकडे कसा जाईन? मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो दूर असतो.

मुलगी मी बनवली होती. वाक्याला वजन यावं म्हणून.

त्यामुळे गोष्ट फिरली. नियम मोडला तर ताकीद मिळते. पण आता बाईंना वाटू लागलं, की या पोरीकडून फोन करायचा राहिला आणि तो झाकायला तिनं न आलेला फोन रचला. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हातात बावीस म्हातारी माणसं कोण देईल? ती राहते कुठे, कशी आहे, ते बघायला बाई स्वतः आमच्या गल्लीत आल्या आणि पत्ता कुणाला विचारावा? लाँड्रीवाल्या काकूंना. काकूंनी पत्ता दिला. पत्त्याबरोबर पांढरी गाडीही दिली.

"शनिवारी ठरवू," बाई ताईला म्हणाल्या. "तोवर फोनला हात लावू नका."

शुक्रवारी दुपारी मी वर गेले तेव्हा ताई बॅग भरत होती. बादली घासून दारात पालथी घातली होती. मी उंबऱ्यावरच उभी राहिले.

"ताई, तो फोन मी केला होता."

"माहितीये," ती म्हणाली आणि कुर्त्याची घडी घातली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मशीन सुरू केलं तेव्हा. त्या फोनमध्ये मागे तोच आवाज होता, खडखडखड. आजोबांच्या फोनवर घड्याळं ऐकू येतात, इतकी की कान किटतात. त्या फोनमध्ये एकही नव्हतं. आवाज हुबेहूब होता गं तुझा. माझंच लक्ष नव्हतं."

"मग बाईंना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? घरमालकिणीच्या मुलीनं गंमत केली? उलट फोन कुणी टाळला? तो काही कुणी माझा आवाज काढून टाळला नाही. बावीस जण होते, घाई होती, मला वाटलं, आता मी सगळ्यांना ओळखते." तिनं दुसरा कुर्ता उचलला. "दादाला आज कळवते. उद्याच्या गाडीनं येते म्हणून. चालेल ना?"

ते तिनं मला विचारलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

खाली येऊन मी आईसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. न्यायाधीशांचं तेवढं गाळलं. आईनं मशीनवरचा हात काढला. ओरडेल, मारेल, रडेल, काहीतरी करेल असं वाटलं. तिनं पडद्याच्या कापडाची घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. चप्पल घालून तयार राहा."

शनिवारी ऑफिसात ताई भिंतीशी उभी होती, बॅग पायाशी. बाईंच्या समोर कागद होता. मी एका दमात सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे निरखून बघितलं.

"मुली, ही तुमच्याकडे राहते. तुझा तिच्यावर जीव आहे. तिला वाचवायला म्हणून हे सांगतेयस, असं मी समजू?"

"नाही हो. खरंच मीच."

"या वयाची मुलगी सत्तरीच्या माणसाचा आवाज काढते आणि इथे कुणाला कळत नाही?"

"काढते ती," आई म्हणाली.

"मग काढ."

लोकांनी 'काढ ना, काढ ना' म्हणावं यासाठी मी काय काय करत आले होते. त्या दिवशी मला वाटत होतं, जमू नये. घसा बसावा, आवाज फाटावा. मी नाक दाबलं. तो आला. गल्लीत कधी आला नव्हता इतका साफ आला.

"आठला तेरा कमी. आज मुलीकडे चाललोय. फोन नको. ठेवतो."

कुणी हसलं नाही. कारकुनानं मान खिडकीकडे वळवली. त्या खोलीत सगळ्यांना तो आवाज रोजचा होता. तो माणूस तेव्हा हॉस्पिटलात पाय टांगून पडला होता, आणि त्याचा आवाज माझ्या तोंडातून येत होता. नाक सोडलं तरी बोटं तिथेच राहिली, कारण चेहरा झाकायला दुसरं काही नव्हतं.

"पुरे," बाई म्हणाल्या. मी कधीच थांबले होते. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "आणि ती गाडी?"

"कुठली गाडी?" आईनं विचारलं.

"ती पण मीच," मी म्हटलं. आईनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं सांगता येणार नाही.

ताईला उलट फोन न केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, आणि यादी परत मिळाली. मला सांगण्यात आलं, हॉस्पिटलात जाऊन आजोबांची माफी माग. मी गेले. वॉर्डच्या दारापर्यंत गेले. आजोबा उशीला टेकून बसले होते, आणि नर्सचं मनगटी घड्याळ कानाशी धरून डोळे मिटून ऐकत होते. मी तिथूनच परत फिरले. घरी सांगितलं, मागितली माफी. आईनं विश्वास ठेवला. ताई दर रविवारी आजोबांना भेटायला जायची. तिनं मला कधीही, एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी लाँड्रीवाल्या काकूंकडेही गेले आणि गाडी नव्हती, न्यायाधीश नव्हते, सगळं माझं होतं, असं सांगितलं. काकूंनी शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं. "हो हो," म्हणाल्या. "तिनंच तुला असं सांगायला लावलं असेल, बिचारीनं." कॉलर पलटून त्यांनी इस्त्री फिरवली आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

शहर ताईला हळूहळू बसलं. आमच्या बसमध्ये नवखं माणूस चढलं की ती सांगायची, औषधाच्या दुकानावर जाऊ नका, चार आहेत. "बरे आहात ना"ला लोक "बरे, तुम्ही?" म्हणू लागले. खिसा चाचपणारे गृहस्थ तर लांबूनच हात करायचे. आजोबा वॉकर घेऊन घरी आले, आणि आठ-दहाचा फोन पुन्हा सुरू झाला. आधी ते दुसऱ्या रिंगला उचलायचे, आता दहाव्या-अकराव्याला. त्या रिंगा ताई रोज बोटांवर मोजायची. कळवणाऱ्या प्रत्येकाला ती उलट फोन करायची. एका आजींनी वैतागून तिला सांगितलं, "अगं बाई, आत्ताच तर बोलले!" तरी ती करायची. मी तिचे आवाज काढणं सोडलं होतं. तिच्या ते लक्षात आलं, आणि एकदा जिन्यावर ती म्हणाली, "बऱ्याच दिवसांत मी तुझ्याकडून मला ऐकलं नाही."

बारा महिने भरत आले. दादाचा निरोप आला, घ्यायला स्टेशनवर येतो. ताईनं तो आईला तीनदा वाचून दाखवला, आणि त्यात 'अर्धी' हा शब्द कुठेच नाही, हे चौथ्यांदा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोमवारपासून. साडेसातला निघायचं. बाईंना विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, मी शेजारी बसणार."

सोमवारी मी तिच्या खुर्चीत बसले. डावीकडे बाई, उजवीकडे ताई, समोर कारकून. आठचा फोन एका निवृत्त शिक्षिकेचा, तो नीट झाला. आठ-पाचचा झाला. मग ताईनं यादीवरच्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि स्वतः नंबर फिरवला.

नऊ रिंगा. दहा. अकरा.

"आठ दहा. बरोबर."

मागे घड्याळं, खूप घड्याळं. माझ्या घशात आपोआप ताई आली. "बरं आजोबा, कसं काय..." ताईनं माझ्या मनगटावर टिचकी मारली.

"तुझ्या," ती म्हणाली.

"कोण आहे?" आजोबांनी विचारलं. "ही ताई नाही."

मी माझं नाव सांगितलं. मग म्हटलं, "आजोबा, गेल्या वर्षी तुम्ही पडलात, त्या दिवशी तुमच्या नावानं फोन केला होता ना कुणी, तो मी केला होता. तुमच्या आवाजात. मी माफी मागायला हॉस्पिटलात आले होते, पण दारातूनच परत गेले. घरी खोटं सांगितलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पलीकडे टिकटिक चालू होती.

"काय?" आजोबा म्हणाले. "मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही."

कारकुनानं मान वर केली. ताई यादीकडे बघत होती, बोट अजून त्याच नावावर. पैज मी हरले होते, आणि अजून आख्खा आठवडा बाकी होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.